तिसऱ्या धड्यातला नवरा

“आणि तुमच्या यजमानांचा खोकला?” बॉयलरकाकांनी जर्मनमध्ये विचारलं, आणि नंबरताई गडबडली. खोकला ती साफ विसरली होती.

मागच्या शनिवारी तिनेच तो नवऱ्याला दिला होता. ‘हवा आणि आरोग्य’ असा विषय होता, प्रत्येकाने थोडं थोडं बोलायचं होतं, आणि बोलायला काही सुचेना तेव्हा तिने नवऱ्याच्या छातीत पिठाची धूळ घालून दिली. बेकरीत काम करणारा माणूस, त्याला खोकला असणारच. पण दिला तर दिला, आठवण तरी ठेवायची!

“कमी आहे आता,” ती जर्मनमध्येच म्हणाली. “रात्री मात्र उठून बसतो.”

“डॉक्टरांना दाखवा. धूळ वाईट हो. आमच्या कारखान्यात कोळशाच्या धुळीने चांगली चांगली माणसं खंगलेली पाहिली आहेत मी. त्यांना म्हणावं, काकांनी सांगितलंय.”

“सांगते,” ती म्हणाली. आणि गंमत बघा, तिला खरंच वाटलं, आज घरी गेल्या गेल्या सांगायला हवं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. नंबरताईला नवरा नव्हता. पूर्वी होता आणि मग नाही, असंही काही नव्हतं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. डोळे तपासायला डॉक्टर, पण चष्म्याचा नंबर काढायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे नंबरताई म्हणायचे. अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीवर बसवायचं, त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, आणि पेटीतून एकेक भिंग काढून घालत विचारत राहायचं, “हे बरं, की हे? पहिलं, की दुसरं?” दिवसभर ती लोकांना हेच विचारायची. तिला स्वतःला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिच्यासाठी स्थळं आली नाहीत असं नाही. आली, चहा प्यायली, गेली. मग वडील अंथरुणाला खिळले, ते गेले तशी आई. दोघांचं करायला कुणीतरी हवं होतं, आणि कुणीतरी म्हणजे ताई, हे घरात न बोलताच ठरलं. आई गेली तोवर हिचे केस पिकायला लागले होते. दादा वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. राहून गेलं, एवढंच.

शनिवारी वहिनीच्या बहिणी यायच्या. घर गजबजून जायचं, आणि बोलता बोलता एकीची तरी नजर ताईवर येऊन थांबायची. तिला ती नजर नको असायची. दवाखान्यासमोरच विद्यापीठाची जुनी इमारत होती, तिच्या फाटकावर एकदा पाटी लागली, शनिवारी परकीय भाषांचे वर्ग. ही जाऊन उभी राहिली. फ्रेंचचा वर्ग भरला होता, म्हणून जर्मन.

तिसरा धडा कुटुंबाचा होता. पुस्तकात भट्टीसमोर उभ्या असलेल्या एका माणसाचं चित्र, डोक्यावर पांढरी टोपी, आणि खाली वाक्य, ‘हा माझा नवरा. तो बेकरीत काम करतो.’ वर्गातल्या प्रत्येकाने ते वाक्य बदलून आपल्या घरचं सांगायचं होतं. कुणी आई सांगितली, कुणी बायको, कुणी तीन आत्या. हिची पाळी आली तेव्हा घाबरून हिने पुस्तकातलंच वाक्य जसंच्या तसं वाचून टाकलं. शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या. “अरे वा! कुठे आहे बेकरी?” आता काय सांगणार? पुस्तकातलं पुढचं वाक्य समोरच होतं. “नदीजवळ,” ती म्हणाली. बाई म्हणाल्या, छान, आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

खोटं बोलायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने धडा वाचला होता. पुढच्या शनिवारी दुरुस्त करायचं असं ठरवून ती गेली, तर दारातच बाईंनी विचारलं, “कसा आहे तुमचा नवरा?” आपलं म्हणावं असं कुणी कसं आहे, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारायचे ते आई-वडिलांची दुखणी. “मजेत आहे,” ती म्हणाली, आणि म्हणताना असं काही गोड वाटलं, की दुरुस्ती राहिली ती राहिलीच.

मग तो धड्यांबरोबर वाढत गेला. भाजीपाल्याचा धडा आला तेव्हा त्याला वांगी आवडेनाशी झाली. प्रवासाचा धडा आला तसा तो समुद्र पाहून आला. भूतकाळ शिकवला तेव्हा बिचाऱ्याला बालपण मिळालं; तोवर तो चाळिशीतच जन्मलेला होता. एकदा काकांनी भट्टी कशी पेटवतात ते विचारलं, तेव्हा तिची फे फे उडाली, म्हणून शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ती एका बेकरीत जाऊन उभी राहिली. तिथल्या माणसाच्या हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते. दुसऱ्या दिवशी वर्गात नवऱ्याच्या हातांवर ते डाग आले. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून ती दर शुक्रवारी पाव घ्यायला लागली.

“एवढा पाव कोण खाणारे?” वहिनी करवादायची. “त्या जर्मनच्या नादात आता बेकरी काढणार आहात की काय, ताई?”

नंबरताईच्या हातातली पिशवीच पडायची बाकी होती.

“असू दे गं,” दादा म्हणायचा. “शिकतेय. कुणाचं काय खातेय?”

“पाव आपणच खातोय!” वहिनी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

मध्यम पातळीपर्यंत वर्गाला जत्रेसारखी गर्दी होती. कुणाला नोकरीसाठी परदेशी जायचं होतं, कुणाला शिकायला, आणि तेवढ्यापुरती तेवढी भाषा पुरत होती. दाखला हातात पडला की माणसं उडून जायची. पुढचा वर्ग वर्षभराचा, कठीण आणि बिनउपयोगाचा, म्हणून त्यात चौघंच उरली. व्हायोलिन शिकणारी एक मुलगी होती. एक वकील होते, ते बाकावर झोपायचे आणि नेमक्या प्रश्नाला जागे व्हायचे. बॉयलरकाका होते, निवृत्त झालेले. “जन्मभर जर्मन बॉयलरांची बोलणी खाल्ली,” ते म्हणायचे, “म्हटलं आता उलट उत्तर देऊ.” आणि चौथी ही.

बाई म्हणायच्या, खालच्या वर्गात तुमच्याकडे सांगायला खूप असतं आणि भाषा नसते; इथे भाषा आहे, आता सांगायला काहीतरी आणा. त्यांचा नियम कडक होता. खोलीचा उंबरा ओलांडला की मराठी बंद. नंबरताई तीन मजले चढून यायची, आणि चढता चढता दवाखाना, वहिनी, पावाची पिशवी, सगळं पायरी पायरीने मागे राहायचं. वर पोचेपर्यंत ती लग्न झालेली बाई असायची. उंच खिडक्यांतून ऊन बाकांवर पडलेलं असायचं, आणि त्या उन्हात बसून ती नवऱ्याविषयी बोलायची. तिच्या बोलण्यात एक सावकाशी यायची. शब्द शोधायला ती थांबली की सगळे थांबायचे. घरी तिच्या बोलण्यासाठी कुणी थांबत नसे.

आणि खरं सांगायचं तर नवऱ्याला मन आलं ते याच वर्गात. आधी त्याला घर होतं, काम होतं, फार तर सर्दी होती. आता इथे मतं मांडायची, वाद घालायचे, असं झालं असतं तर काय केलं असतं ते बोलायचं. त्याला मग पश्चात्ताप व्हायला लागले, हट्ट आले. एकदा ‘घरातला मतभेद’ या विषयावर ती त्याच्याशी भर वर्गात भांडली. त्याला पहाटे उठून खिडकी उघडायची सवय, आणि हिला गार वारा सोसत नाही. काकांनी त्याची बाजू घेतली. “भट्टीपाशी राबणाऱ्या माणसाला वाऱ्याची किंमत कळते, ताई!” ती अशी रागावली, की घरी जाऊन रात्री तिने मुद्दाम खिडकी लावून घेतली. मग पडल्या पडल्या तिला वाईट वाटलं आणि तिने उठून ती उघडली.

वेड लागलंय का आपल्याला, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं होतं. तसं नव्हतं. तो नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण रविवारी दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना सगळीकडे सामसूम असायची, चादरी हळूहळू हलायच्या, आणि चादरीपलीकडे कुणीतरी कठड्यावर बसलंय असं वाटायचं. तो जर्मनमध्ये काहीतरी साधंसं विचारायचा. दमलीस का, इतकंच. तीही मनातल्या मनात उत्तर द्यायची. चिमटे संपेपर्यंत त्यांचं बोलणं चालायचं. मराठीत हे करून बघायला ती कधी धजावली नाही. मराठीत तो क्षणभरही टिकला नसता, हे तिला कळत होतं.

तर, त्या खोकल्याच्या शनिवारी, तास संपता संपता बाईंनी पुस्तक मिटलं.

“पुढचा शनिवार शेवटचा,” त्या म्हणाल्या. “याच्यापुढे वर्ग नाही. तोंडी परीक्षा माझ्या पद्धतीने होईल. वर्षभर ज्यांच्याविषयी सगळ्यांत जास्त बोललात, त्यांना घेऊन या. भाषा येत नसली तरी चालेल. आम्ही त्यांना जर्मनमध्ये विचारू, ते मराठीत बोलतील, आणि मधला दुभाषा म्हणजे तुम्ही. त्यालाच गुण.”

मुलीने टाळी वाजवली. वकील जागे झाले. बॉयलरकाका बाकावरच नंबरताईकडे वळले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की तिला बघवेना.

“म्हणजे शेवटी भेट होणार!”

“त्याला सुटी मिळणार नाही,” ती घाईघाईने म्हणाली. “शनिवारी बेकरीत फार काम असतं.”

“मग आपण जाऊ की बेकरीत!” काका म्हणाले. “बाई, काय हरकत आहे? परीक्षा भट्टीसमोर! मी मागे नदीकडे फिरायला गेलो होतो, दोन-तीनदा शोधली. कुठे आहे नेमकी?”

“आत आहे. गल्लीत.”

“कुठल्या?”

“नको, नको,” नंबरताई म्हणाली. “तो येईल. मी आणते त्याला.”

जिना उतरताना तिला भान आलं. शब्द तर देऊन बसली. आता आणणार कुणाला?

तिने काय काय विचार केले, ते विचारू नका. आजारी पडावं, म्हणजे काका फळं घेऊन घरी हजर. बेकरीतल्या त्या माणसालाच विनवावं, तर त्याचं नावही तिला माहीत नव्हतं. गेलंच नाही तर? पण परीक्षेचं तिला काही नव्हतं. तिच्या मनाला लागलं होतं ते बाईंचं दुसरंच वाक्य, याच्यापुढे वर्ग नाही. म्हणजे ही गेली काय, न गेली काय, शनिवारनंतर नवऱ्याविषयी विचारणारं कुणी उरणार नव्हतं. तो त्या खोलीतच राहत होता, आणि खोली बंद होणार होती. मग निदान त्याचं नीट व्हावं. तिने ठरवलं, तो गेला असं सांगायचं. खोकला होताच. बुधवारी रात्री जास्त झालं, डॉक्टर येईपर्यंत संपलं. चार माणसं हळहळतील, दोन शब्द बोलतील. कुणाच्याही माणसाला एवढं मिळतं.

आठवडाभर ती ती वाक्यं जुळवत होती. दवाखान्यात एका आजोबांच्या नाकावर चौकट चढवून ती नेहमीसारखं विचारत होती, “हे बरं, की हे?” आणि मनात चाललं होतं, ‘शेवटी तो शांत होता.’

“ताई,” आजोबा म्हणाले, “रागावू नका, पण हेही नाही आणि तेही नाही. मला काळोखच दिसतोय.”

बघते तो काय, दोन्ही डोळ्यांवर काळ्या चकत्या! एक डोळा तपासताना दुसरा झाकायचा असतो. हिने दोन्ही झाकून ठेवले होते आणि म्हाताऱ्याला भिंगांमागून भिंगं दाखवत होती.

“अगं बाई! चुकलं हो आजोबा.”

“असू दे,” आजोबा म्हणाले. “मी म्हटलं, डोळे गेलेच एकदाचे. तुमच्या चकत्या निघाल्या, बरं वाटलं.”

तिलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. चकत्या पेटीत ठेवायच्या निमित्ताने तिने तोंड फिरवलं.

शुक्रवारी संध्याकाळी ती पाव न घेता घरी आली. वहिनीने पिशवी बघितली, मग तिचं तोंड बघितलं.

“काय झालं, ताई?”

“कुठे काय.”

“मला शिकवू नका. तीन दिवस बघतेय, जेवण जात नाही तुम्हाला. दवाखान्यात कुणी काही बोललं का?”

“नाही गं.”

“मग कुणाचं काही बरं-वाईट?”

नंबरताईच्या ओठांवर आलं होतं. पण काय म्हणून सांगणार? माझा नवरा जायचाय उद्या, असं? वहिनीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता, तरी दूध गरम करून आणलं आणि समोर बसून प्यायला लावलं. वहिनी तशी मायेची होती. विचारायचं कसं आणि काय, एवढंच तिला सापडत नव्हतं.

शनिवारी खोलीत जास्तीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. व्हायोलिनवाल्या मुलीने थोरल्या भावाला आणलं होतं. वकिलांनी आणलेला त्यांचा भाऊ त्यांच्याइतकाच झोपाळू निघाला. बॉयलरकाकांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. ठेंगणीशी, ठेवणीतले कपडे घातलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून ती सगळ्यांकडे बघून हसत होती. आणि खिडकीजवळ एक रिकामी खुर्ची होती.

“ती तुमच्या यजमानांसाठी ठेवलीय,” काका जर्मनमध्ये म्हणाले. “तिथे हवा चांगली येते. येतायत ना? मागून येतायत का?”

नंबरताईने नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

काकांचीच पाळी पहिली होती. वर्षभर त्यांनी बायकोचं इतकं वर्णन केलं होतं, तिचं गाणं, तिचा राग, तिने एकटीने केलेलं मुलांचं शिक्षण, की बाईंना तिला काय विचारू न् काय नको असं झालं होतं. नवऱ्याचं काय आवडतं, असं त्यांनी विचारलं. काकांनी मान खाली घालून मराठीत सांगितलं.

“माझं काय आवडतं, असं विचारतायत.”

“आता काय सांगू?” काकू म्हणाल्या. “घरात तोंड उघडतील तर ना! वर्तमानपत्र एकीकडे आणि हे एकीकडे. ह्यांना एवढं बोलता येतं, हे मला आज इथे आल्यावर कळलं. काय बोलत असतात हो माझ्याबद्दल?”

काकांचे कान लाल झाले. “ती म्हणते,” त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं, “मी स्वभावाने शांत आहे.”

वर्गातले सगळे हसले. मग काकूही हसल्या, सगळे हसतायत म्हणून.

मुलीचं झालं, वकिलांचं झालं. बाईंनी नंबरताईकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली. बाकाला धरून उभी राहिली म्हणा.

“माझा नवरा आज येऊ शकत नाही,” तिने पाठ केलेलं सुरू केलं. “कारण बुधवारी रात्री...”

“खोकला?” काका म्हणाले.

ते अर्धवट उठलेच होते. त्यांच्या तोंडावरचा सगळा रंग गेला होता, आणि तिने अजून काही सांगितलंही नव्हतं. म्हातारा माणूस. कोळशाच्या धुळीने गेलेली माणसं त्याने खरोखर पाहिली होती, खरोखर खांद्यावर नेली होती. या माणसाला आपण रडवायचं, आणि ते रडणं घेऊन घरी जायचं? तिला स्वतःची शरम वाटली.

“नाही काका, बसा,” ती म्हणाली. “खोकला नव्हता. तोही नव्हता. मला नवरा नाही.”

मग ती बोलतच गेली. तिसऱ्या धड्यातलं चित्र, न बदललेलं वाक्य, बाईंनी दारात विचारलेलं. शुक्रवारची बेकरी आणि दुसऱ्याच्या हातांवरून आणलेले डाग. गच्ची, चादरी. आई-वडिलांचंही सांगितलं, शनिवारच्या त्या नजरांचंही. इतकं लांब आणि इतकं सरळ जर्मन ती आजवर बोलली नव्हती. बाईंच्या हातात गुण लिहायला पेन होतं, ते त्यांनी केव्हाच खाली ठेवलं होतं.

“मी तुम्हा सगळ्यांना फसवलं,” ती शेवटी म्हणाली. “पण तो मला फार आवडायचा.”

बॉयलरकाकांची मान लालबुंद झाली होती.

“मी त्याच्यासाठी गल्ल्या धुंडाळल्या,” ते म्हणाले.

“हो.”

“खिडकीच्या भांडणात मी त्याची बाजू घेतली होती.”

“हो काका. त्याचं बरोबर होतं.”

काकांनी तोंड फिरवलं. त्यांना लागलं होतं, चांगलंच लागलं होतं, आणि ते लपवायची कला त्यांच्याकडे नव्हती. व्हायोलिनवाली मुलगी मुसमुसायला लागली. वकील टक्क जागे होते आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होते. नंबरताई तशीच उभी होती. बसावं की निघून जावं, तिला सुचत नव्हतं. संपलं होतं. नीट व्हावं म्हणून एवढा घाट घातला, आणि काहीच नीट झालं नव्हतं. जो कधी नव्हताच त्याचं दुःख कोण करणार, आणि कुणापाशी?

काकू मघापासून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना एक शब्द कळला नव्हता. पण उभं राहून बोललेली बाई, तिचा आवाज, रडणारी मुलगी, रिकामी खुर्ची, एवढं त्यांना दिसत होतं. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली.

“अहो, काय झालं? कोण गेलं?”

काकांनी बाही सोडवून घेतली.

“अहो, सांगा ना! कोण गेलं त्यांचं?”

दुभाष्याचं काम काकांचंच होतं. त्यांनी त्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग नंबरताईकडे पाहिलं.

“त्यांचे यजमान,” ते मराठीत म्हणाले.

“अरे देवा! कधी?”

“आत्ताच.”

काकूंनी पर्स बाकावर टाकली. बाकांमधून वाट काढत त्या आल्या, नंबरताईला हाताला धरून त्यांनी खाली बसवलं, आणि स्वतः ती रिकामी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. नंबरताईने अंग ताठ धरलं होतं. मग ते धरवेना. वडील गेले तेव्हा औषधवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळवायचं काम तिच्याकडे होतं, आई गेली तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचं. रडायला अशी जागा तिला कुणी करून दिली नव्हती. ती हुंदके देऊन रडली, आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“रडा. मोकळ्या व्हा,” त्या म्हणत होत्या. “आजारी होते का?”

“नाही. एकाएकी.”

“वय काय होतं?”

“बावन्न.”

“हे काय जायचं वय? मूलबाळ?”

नंबरताईने खांद्यावरच मान हलवली.

“घरी आहे ना कुणी?”

“दादा आहे. वहिनी आहे.”

“मग ठीक. माणसं हवीत जवळ. आज एकट्या नाही जायचं, आम्ही येऊ पोचवायला. हो ना हो?”

“येऊ,” बॉयलरकाका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता आणि शर्टाच्या टोकाने ते तो पुसत होते. खोलीत सगळं मराठीत चाललं होतं, पण बाईंनी कुणाला अडवलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. मग मुलगी उठली, तिचा भाऊ उठला, वकील आणि त्यांचा भाऊही उठले.

काकूंनी तिचे केस कानामागे सारले, तिचं तोंड पुसलं.

“स्वभावाने कसे होते हो?”

“चांगले होते.”

“बोलायचे तरी का तुमच्याशी? नाहीतर आमचे हे.”

“खूप,” नंबरताई म्हणाली. “माझ्याशीच बोलायचे फक्त.”